"लॅटिनवाल्यांचं कसलं आलंय क्लासिकल?" वाल्या फॉरवर्डला उत्तर

तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला म्हणून लिहितोय. त्याचा सार असा: लॅटिन संगीत म्हणजे सालसा नि टँगो, क्लासिकल फक्त युरोपचं, बाकी सगळी नक्कल, आणि अमेरिकेत "लॅटिनो क्लासिकल" वाजवणारे विंड ग्रुप (फुंकून वाजवायच्या वाद्यांचे) निव्वळ कोट्यावर चालतात. वर टोमणा, पाच जण फुंकतायत म्हणजे बँडबाजाच की!

"असलं काही नाहीच" हे तर सरळ चूक. 1631 मध्ये पेरूतल्या लिमात केचुआ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं चार आवाजांचं स्तोत्र छापलं गेलं, तेव्हा शिवाजी महाराज जेमतेम वर्षाचे होते. 1701 मध्ये त्याच लिमात ऑपेरा झाला. मेक्सिकोच्या कॅथेड्रलांत तर फुंकून वाजवणारे पगारी वादक होते आणि त्यांची चिरिमिया म्हणजे दोन पात्यांचं वाद्य, आपल्या सनईची लांबची बहीणच.

आता नक्कल. वाद्यं युरोपची, मान्य. पण हार्मोनियम कुठून आली हो? म्हणून नाट्यसंगीताला कोणी फ्रेंच संगीत म्हणतं का? ब्राझीलच्या व्हिला-लोबोसने 1924 ला फक्त बासरी नि क्लॅरिनेटवर "शोरोस नंबर 2" लिहिलं, शोरो म्हणजे रिओच्या गल्लीतलं वादन, आणि 1928 च्या क्विंटेटमध्ये (म्हणजे पाच वाद्यांच्या रचनेत) तर त्याने युरोपची ठरलेली मांडणीच मोडली, म्हणजे बासरी, ओबो (सनईसारखंच दोन पात्यांचं), क्लॅरिनेट आणि बॅसून ही वाद्यं ठेवली पण पाचवा, पितळेचा फ्रेंच हॉर्न काढून तिथे इंग्लिश हॉर्न बसवला (नाव हॉर्न असलं तरी हा ओबोचाच थोरला भाऊ, पितळेचा नाही). नक्कल करणारा माणूस असले उद्योग करत नाही.

आणि लय! क्यूबाच्या "सोन" या संगीतप्रकारातली क्लावे, म्हणजे सतत फिरणारा पाच टाळ्यांचा ठेका, सोळा मात्रांवर मोजून बघा, टाळी पडते 1, 4, 7, 11 आणि 13 वर. तीनतालाची टाळी 1, 5, 13 वर. म्हणजे सम जुळते, तेरावी जुळते, मधे मात्र सगळं सरकलेलं! मी जेवणाच्या टेबलावर एका हाताने तीनताल, दुसऱ्याने क्लावे धरून बघितलं, दोन आवर्तनांत वाट लागली. आता हेच कसलाही ढोल-ताशा नसताना नुसत्या श्वासावर नि जिभेवर पाच जणांनी जमवायचं. हवानात जन्मलेल्या पाकितो द रिव्हेराच्या "आइरेस त्रोपिकालेस" या क्विंटेटमध्ये सोन नावाचा एक भागच आहे, तो ऐका म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

कोट्याचं म्हणाल तर मेक्सिकोच्या चावेसने "सोली" 1933 ला लिहिलं, अर्जेंटिनाच्या हिनास्तेराने बासरी-ओबोचं ड्युओ (दोघांची रचना) 1945 ला, तेव्हा कुठला कोटा होता? चीजा होत्याच, कार्यक्रमात घेत नव्हते कोणी. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातलं "क्विंतेतो लातिनो" हे पाच जणांचं विंड क्विंटेट हेच काम करतं, जुनं वाजवतं आणि नवंही. क्यूबात जन्मलेल्या संगीतकार तानिया लिओनला 2021 चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं ते ऑर्केस्ट्राच्या रचनेला, पण विंड क्विंटेटसाठीही तिने लिहिलंय.

एक मात्र फॉरवर्डवाल्याचं थोडं पटतं. अमेरिकेत 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हिस्पॅनिक वारसा महिना असतो, त्या महिनाभर सगळ्यांना एकदम लॅटिन प्रेमाचा उमाळा येतो नि नोव्हेंबरला विसर पडतो, ते दिखाऊच. पण तो दोष कार्यक्रम ठरवणाऱ्यांचा. बाराही महिने हेच वाजवणाऱ्यांवर तो कशाला ढकलायचा?

राहिला बँडबाजा. आमच्या गल्लीतल्या वरातीत क्लॅरिनेटवाला घामाघूम होऊन तासभर ताना मारतो ना, तेव्हा मी तरी गॅलरीतून हलत नाही. त्यामुळे ही शिवी मला लागलीच नाही. "शोरोस नंबर 2" जेमतेम तीनेक मिनिटांचं आहे, आधी ते ऐका, मग पुढचा फॉरवर्ड पाठवा.