पैसे दिल्यानंतर दुकानदाराला काय काय दिसतं?

नमस्कार. दुकानात फोन टेकवून बिटकॉइनने पैसे देताना खासगीपणा जातो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा की, बिटकॉइनच्या पत्त्यावर (पैसे जिथे येतात त्या अक्षर-अंकांच्या ओळखीवर) नावगाव नसतं, एनएफसीच्या (फोन टेकवून पैसे देण्याच्या तंत्राच्या) लहरी काही सेंटिमीटरपलीकडे जात नाहीत, मग मी वाचकांना उगाच का घाबरवतोय?

लहरींबद्दल तुमचं बरोबर आहे. फोन टेकवताना बहुतेक वेळा दुकानदाराचा पत्ता आणि रक्कम एवढंच जातं. माझी काळजी त्यानंतरची आहे.

समजा, तुमच्याकडे एकाच व्यवहारातून आलेले ०.५ बिटकॉइन आहेत आणि काउंटरवर तुम्ही ०.००२ दिलेत. आलेली रक्कम अख्खीच खर्ची पडते. दुकानदाराचे ०.००२ त्याच्याकडे जातात, आणि शुल्क वजा जाता उरलेले साधारण ०.४९८ तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर परत येतात. दुकानदाराने ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, हा व्यवहार उघडला की ही रक्कमही त्याला दिसते. तुमचा चेहरा त्याने पाहिलाय, वेळही ठाऊक आहे. उद्या ते पैसे कुठे हलले, हे तो घरबसल्या बघू शकतो. कार्डाने पैसे दिले तर बँकेला सगळं कळतं हे खरं, पण दुकानदाराला तुमची शिल्लक कळत नाही. इथे नोंद सगळ्यांसमोर असते आणि ती पुसता येत नाही. बिटकॉइनच्या निर्मात्याने, सातोशी नाकामोतोनेही, २००८ च्या मूळ लेखात लिहून ठेवलंय की अनेक ठिकाणची रक्कम एकत्र करून दिली की ती एकाच मालकाची असल्याचं उघड होतं.

दुसरी गळती तर लक्षातही येत नाही. फोनमधलं वॉलेट (बिटकॉइन सांभाळणारं ॲप) अख्खी साखळी, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंदवही, साठवत नाही, म्हणून ते कुठल्यातरी सर्व्हरला विचारतं, ‘या पत्त्यांवर काय आलंय?’ म्हणजे तुमचे सगळे पत्ते आणि इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता एकाच ठिकाणी जमा. काही वॉलेट विस्तारित सार्वजनिक किल्लीच, म्हणजे जिच्यातून वॉलेटचे पत्ते तयार होतात ती किल्लीच, देऊन टाकतात. मग पुढचे पत्तेही सर्व्हरला आधीच काढता येतात. नेमके पत्ते झाकायला आणलेले ब्लूम फिल्टर, म्हणजे सर्व्हरला मुद्दाम ढोबळपणे विचारण्याची पद्धत, २०१४ च्या संशोधनात तोकडी ठरली.

स्वतःचा नोड (अख्खी साखळी साठवणारा संगणक) चालवून फोन त्यालाच जोडणं हा उत्तम उपाय. ते जमत नसेल तर रोजच्या खर्चाचं वॉलेट वेगळं ठेवा. मात्र ते मोठ्या साठ्यातून थेट भरू नका, नाहीतर दुकानदाराला एक पायरी मागे जाऊन तोच साठा सापडेल.