दहावीच्या निकालाआधीच फोन घेऊन टाका

‘निकाल लागू दे, मग बघू’ असे म्हणणारे पालक मला फार भाबडे वाटतात. समजा, चिरंजीवांना 62 टक्के पडले. मग कुठल्या तोंडाने फोन घ्याल? साडू तो हातात घेऊन उलटासुलटा करणार आणि विचारणार, ‘कशाबद्दल हो?’ बरे, 92 पडले, तर हा फोन आपल्या कष्टाचा आहे असे पोरगा धरून चालणार आणि तुमचा त्यातला वाटा बिल भरण्यापुरता उरणार. निकालाआधी घेतलेला फोन कसा, त्याला बक्षीस म्हणता येत नाही आणि लाचही म्हणता येत नाही. तेव्हा शेवटचा पेपर सुटला की शाळेच्या फाटकावरूनच गाडी वळवा.

कुठे वळवायची, तेही सांगतो. नाशिकच्या एम. जी. रोडवर मोबाईलची दुकाने एकाला एक लागून आहेत आणि तिथे घासाघीस करता येते. हेच त्या रस्त्याचे वैगुण्य. आपला बाप ‘अजून दोनशे कमी करा’ म्हणतोय, हे मुलाने पाहिले तर त्याच्या कोवळ्या मनावर परिणाम होतो. (शिवाय गाडी लावायला जागा मिळत नाही, पण ते नाशिकमध्ये कुठेच मिळत नाही.) तुम्ही कॉलेज रोड गाठा. तिथे काचेचे दार आपल्यासाठी दुसरा कुणीतरी उघडतो, आत एसी असतो आणि टाय लावलेला पोऱ्या तुम्हाला ‘सर’ म्हणतो. सातपूरच्या कंपनीत इतकी वर्षे ‘ओ पाटील, जरा इकडे या’ ऐकलेल्या माणसाला हा एक शब्द केवढ्याला पडतो, ते त्या पोऱ्याला बरोबर ठाऊक असते. एकदा ‘सर’ झाल्यावर 15 हजारांच्या फोनकडे बोट दाखवायची तुमची हिंमत होत नाही.

आता पैशांचे. नाशिकरोडला नोटांचा छापखाना 1928 पासून चालू आहे, पण तुमचा पगार सातपूरला होतो, ही अडचण मी समजू शकतो. तिच्यासाठी हप्ते आहेत. फोन 79,900 चा धरा. 24 हप्ते केले की महिन्याला 3,330 च्या आसपास पडतात. ‘सर, दिवसाचे एकशे दहा-अकरा रुपये, एका मिसळीचे पैसे,’ असे पोऱ्या सांगेल. त्याला उलट विचारू नका की बाबा, तुझ्या खिशात कुठला फोन आहे. त्याचा पगार त्याला माहीत असतो, म्हणून तो ती मिसळ खात नाही.

पाटीवर ‘नो कॉस्ट ईएमआय’ लिहिलेले असते. शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते. व्याज असतेच, फक्त ते सवलतीत मुरवलेले असते. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती तुमच्या बाबतीत व्याजापोटी जमा होते. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर त्या न दिसणाऱ्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो मात्र दिसतो, आणि वर प्रोसेसिंग फी. पण असले बारीक अक्षरातले वाचत बसू नका. रांगेत तुमच्यामागे अजून तीन बाप उभे आहेत.

दुकानात कुणाला बरोबर न्यायचे हे तुमचे तुम्ही ठरवा, निफाडच्या मामांना मात्र नेऊ नका. त्यांना कुठल्याही रकमेची द्राक्षे करायची खोड असते. किमतीची चिठ्ठी वाचून ते तिथेच हिशेब मांडतील: किलोला 30 रुपये भाव धरला तर 2,600 किलोंच्या वर माल झाला, म्हणजे दोन पिकअप. औषधे, मजुरी, अवकाळीची धास्ती हे सगळे करून पिकवलेले दोन पिकअप भाचा मागच्या खिशात घालून क्लासला जाणार, आणि त्यावर बसणार. मामा हे मोठ्याने बोलतील. टायवाला पोऱ्या हसेल, आणि तो तुमच्या बाजूने हसतोय की मामांच्या, हे कळणार नाही.

‘कशासाठी?’ या प्रश्नाला एकच उत्तर पाठ करून ठेवा: अभ्यासासाठी. हे उत्तर मोबाईलला चालते, टॅबला चालते, इअरबड्सला चालते आणि रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या कीबोर्डच्या लॅपटॉपलाही चालते. क्लासचे सर व्हॉट्सॲपवर नोट्स पाठवतात, हे खरेच आहे. ती एक पीडीएफ असते आणि ती घरातल्या कुठल्याही फोनवर उघडते, पण सेकंदाला 120 वेळा ताज्या होणाऱ्या स्क्रीनवर त्रिकोणमिती काही वेगळीच दिसत असणार. लॅपटॉपबद्दल मुलगा म्हणेल, ‘पप्पा, कोडिंगला ग्राफिक्स कार्ड लागतं.’ पायथनचे पहिले धडे मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवरही गिरवता येतात, हे मुलाला माहीत आहे. तुम्हाला ते माहीत नाही, हेही त्याला माहीत आहे. ही हुशारी वाया जाऊ देऊ नका, घेऊन टाका.

सरकारचीही याला साथ आहे. आठवा, 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, शाळा मोबाईलमध्ये शिरली, आणि 1 एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा कर शून्यावर आला, सायकलवरचा 12 वरून 5 वर आला. मोबाईलचा 18 तो 18. याचा सरळ अर्थ असा की वही-पेन्सिल फुकटेगिरी आहे आणि मोबाईल राष्ट्रकार्य. जो बाप पोराला दोनशे पानी वही घेऊन देतो, तो तिजोरीत एक दमडी टाकत नाही. अशा माणसाबद्दल मी जास्त काय बोलू?

घरात त्याहून लहान मूल असेल तर दहावीची वाट कशाला पाहायची? ताटाशेजारी टॅब उभा करा. पूर्वी चिऊकाऊचा घास भरवत आजीचा अर्धा दिवस जायचा, आणि मूल तिच्या तोंडाकडे बघत जेवायचे. आता मूल टॅबकडे बघते, आई मोबाईलकडे बघते, आणि वरण कुणीच बघत नाही. जेवण मात्र दहा मिनिटांत उरकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलेय की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तम. जिनिव्हात बसलेल्या या मंडळींना आमच्या इंदिरानगरात भेंडीची भाजी भरवायला पाठवायला हवे. एक तास नाश्त्यालाच जातो.

मधल्या वयाच्या मुलांना जीपीएसचे घड्याळ घ्या. मुलगा कुठे आहे ते तुम्हाला ऑफिसात बसून नकाशावर दिसते. निळा ठिपका गंगापूर रोडच्या क्लासमध्ये दोन तास हलत नाही, हे पाहून जिवाला किती बरे वाटते! घड्याळ मित्राच्या दप्तरात असते आणि मुलगा सोमेश्वरला असतो, पण ठिपका आपला अभ्यासाला बसलेला असतो. संध्याकाळी घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असे विचारायची गरज पडत नाही. पूर्वी ते विचारावे लागायचे, मग उत्तर ऐकावे लागायचे, आणि मध्येच कुणाशी तरी झालेल्या भांडणाची अर्ध्या तासाची कहाणी निघायची. घड्याळाने हे सगळे वाचवले.

काही लोक तुम्हाला स्टीव्ह जॉब्जचे उदाहरण देतील. आयपॅड नुकताच बाजारात आला तेव्हा एका बातमीदाराने त्याला विचारले होते की तुमच्या मुलांना तो आवडत असेल. मुलांनी तो वापरलेलाच नाही, घरी यंत्रांच्या वापरावर आम्ही मर्यादा घालतो, असे तो म्हणाला. हे 2014 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापूनही आले. त्याचा गवगवा करण्यासारखे काही नाही. तो माणूस यंत्रे विकत होता, त्याला मुलांकडे बघायला वेळ असेल. आपण ती विकत घेतो, आपल्याला ओव्हरटाइम करावा लागतो.

त्याहून धोकादायक उदाहरण जवळचे आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद, आणि पोरे पुस्तके उघडून बसतात. हे लोण आपल्या नाशिकच्या सिडकोपर्यंत येऊ देऊ नका. कारण भोंगा वाजला की फोन पोरांनाच नाही, मोठ्यांनाही खाली ठेवावा लागतो, आणि अडचण तिथेच आहे. सात ते साडेआठ ही तर आपली वेळ. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडायचे असते, गावाकडच्या ग्रुपवर मोटारीच्या लाइटचे वेळापत्रक बघायचे असते, कुठल्या तरी अनोळखी बाईने केलेले वांग्याचे भरीत शेवटपर्यंत पाहायचे असते. त्या दीड तासात मुलगा समोर येऊन उभा राहिला तर त्याच्याशी बोलायचे काय?

तो पूर्वी येऊन उभा राहत असे, तुम्हाला आठवत नसेल. ‘पप्पा, रविवारी पांडवलेणीला चढायला जाऊ?’ तुम्ही स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालात, ‘बघू.’ मग ‘गोल्फ क्लबवर बॉलिंग टाकायला याल?’ ‘बघू.’ पाऊस लागून गंगापूर धरण भरले, ‘पाणी सोडलंय, बघायला जाऊ?’ ‘बघू.’ मग त्याने विचारणे सोडले आणि एकदम फोन मागितला. तेव्हा तुम्ही लगेच ‘हो’ म्हणालात, याचे घरात सर्वांना आश्चर्य वाटले. मला नाही वाटले. मागण्यांच्या त्या यादीत ही एकच अशी होती जिच्यासाठी खुर्चीतून उठावे लागत नव्हते.

मुलाच्या हातात फोन दिलात की नियंत्रणाचीही सोय आहे, घाबरू नका. वेळेची मर्यादा घालणारी ॲप्स मिळतात, ती मुलाकडूनच बसवून घ्या, तुम्हाला जमणार नाहीत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने तर 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक केली आहे. संमतीचा ओटीपी तुमच्याच फोनवर येऊ द्या. तुमच्या फोनचा पॅटर्न घरात फक्त दोघांना माहीत असतो, आणि त्यातला एक तुम्ही.

एवढे करूनही मुलगा बिघडण्याच्या दोन जागा शहरात आहेत, त्यांवर लक्ष ठेवा. एक म्हणजे सार्वजनिक वाचनालय. 1840 पासून तिथे लोक शांत बसून वाचतात आणि कुणी नोटिफिकेशनही पाठवत नाही. दुसरी म्हणजे सायकल. याच नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी करून पोरांपुढे वाईट पायंडा पाडला आहे. तेव्हापासून पहाटे सायकल मारत त्र्यंबकच्या रस्त्याला लागणारी माणसे दिसली की मला काळजी वाटते. सायकलला हप्ते लागत नाहीत, सॉफ्टवेअर अपडेट लागत नाही, आणि तिच्यावर बसून पोरगा कुठे जाईल ते नकाशावर दिसत नाही. घरी येतो तेव्हा गुडघा फुटलेला आणि भूक लागलेली. त्याला जेवायला टॅबसुद्धा लागत नाही!

राहता राहिली धाकटी. ती सातवीत आहे आणि दादाचा नवा फोन बघून तिने तोंड पाडले असेल. मुलीच्या जातीला एवढा भारी फोन कशाला, असे सासूबाई म्हणतील, आणि या एका बाबतीत घरात सगळ्यांचे एकमत होईल. तिला दादाचा जुना देऊ नका, त्याची तडा गेलेली काच बोटाला लागते. तो दुकानात टाकून 2 हजारांची सूट घ्या. तिच्यासाठी एक साधी सायकल आणा. 5 टक्केच कर आहे, तेवढा आपण भरू शकतो. शाळा लांब आहे म्हणून कुणी हरकत घेतली तर सांगा, जाईल ती, सवय होईल. पहिल्या दिवशी सीट धरून मागे कुणाला तरी पळावे लागेल, तेव्हा रविवार सकाळ मोकळी ठेवा आणि फोन घरी चार्जिंगला लावून जा.