उशीवर ठोसे मारून राग जातो का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आहे, म्हणून उत्तरही सविस्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शांत व्हा म्हणणं म्हणजे राग दाबायला सांगणं, दाबलेला राग कुकरसारखा कधीतरी फुटतोच, त्यापेक्षा उशीवर चार ठोसे मारून मोकळं व्हावं, दहापर्यंत आकडे मोजणं हा पोरखेळ, आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच का गप्प बसायचं?

दाबण्याबद्दलचा मुद्दा मान्य. चेहरा मख्ख ठेवल्याने आतला राग कमी होत नाही, उलट तो लपवायचा ताण वर बसतो. ठोशांचं मात्र तसं नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींनी चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवली, काहींनी व्यायाम म्हणून बडवली, काही नुसते बसून राहिले. सर्वांत जास्त चिडलेले राहिले ते चिडवणाऱ्याला आठवत ठोसे मारणारे, आणि सर्वांत कमी आक्रमक ठरले ते नुसते बसलेले. पुढे २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही हेच दिसलं: श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा शरीर थंडावणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, धावायला जाऊन उतरत नाही. (तब्येतीसाठी खुशाल धावा.) तुमच्याच कुकरबद्दल बोलायचं तर शिट्ट्या होत राहतात, पण खालचा गॅस चालूच असतो. तोच प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घोळवणं म्हणजे तो गॅस.

आकडे मोजणं फसतं, कारण लोक पाच सेकंदांत दहा मोजतात आणि मोजतानाही डोक्यात ‘असं बोललाच कसा’ चालू असतं. त्याऐवजी नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास, असं पाच मिनिटं. बाहेर सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे जोरजोरात, छाती फुगवून श्वास घेणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस ‘मला नाही जमत’ म्हणून सोडून देतो. श्वास हळू हवा, खोल नसला तरी चालेल.

सुरुवातही वेळेवर व्हायला हवी. राग शून्य ते दहा मोजला तर चारच्या आसपास जबडा आवळला जातो, बोलण्याचा वेग वाढतो. तेव्हाच थांबा, आठवर पोचल्यावर हे सगळं आठवतच नाही.

भांडण पेटलंच तर किमान वीस मिनिटं बाजूला व्हा, पण न सांगता उठून जाऊ नका. समोरच्याला तो अबोला वाटतो आणि तो मागे मागे येतो. ‘मला आत्ता नीट बोलता येणार नाही, साडेनऊला बोलू’ असं म्हणा आणि साडेनऊला खरंच या. मधल्या वेळात कपड्यांच्या घड्या घाला, सावकाश चाला. मित्राला फोन लावून सगळी कहाणी सांगू नका. तेही ठोसे मारणंच आहे. मेसेज लिहिल्याशिवाय राहवत नसेल तर चॅटमध्ये नको, नोट्समध्ये लिहा. चॅटमध्ये बोट चुकून ‘सेंड’वर पडतं.

आता अन्यायाचं. गप्प बसा असं मी म्हणतच नाही. उतरलेल्या रागाने तक्रार जास्त धड मांडता येते: एकच प्रसंग, एकच मागणी. ‘तू नेहमी असंच करतोस’ म्हटलं की समोरचा ‘नेहमी’वर वाद घालतो, मूळ मुद्दा राहतो बाजूला. ‘काल सातला येणार होतास, नऊला आलास, फोनही नाही. उशीर होणार असेल तर कळवत जा’ याला फाटे फोडणं अवघड जातं.

एक अपवाद मात्र आहे. समोरच्याच्या रागाची भीती वाटत असेल, तो अंगावर येत असेल, मारत असेल, तर वरचं काहीही त्या माणसासमोर करून बघू नका. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं आणि तिसऱ्या कुणाला तरी सांगायचं.