उचलू का ताई?

मुंबईत मी कुठे अडकले आणि कुणी मदतीला आलं नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही. ही माझी तक्रार आहे.

म्हणजे बघा, मी व्हीलचेअरवर असते. मणक्याचं दुखणं, जुनी गोष्ट, त्यात आता रस घेण्यासारखं काही उरलेलं नाही, नातेवाइकांनी सगळा घेऊन संपवलाय. तर माझी खुर्ची कुठल्याही पायरीपाशी थांबली की कुठून कुठून माणसं येतात. रिक्षावाला येतो, कुरियरवाला येतो, बँकेचा वॉचमन येतो, भाजी घ्यायला निघालेले एक काका येतात. कोणी कोणाला ओळखत नसतं पण त्यातला एक जण आपोआप मुकादम होतो. "ए, तू मागनं धर. काका तुम्ही राहू द्या, तुमची कंबर. उचलू का ताई?" आणि ताईने हो की नाही म्हणायच्या आत ताई हवेत. गणपती उचलणारं शहर आहे हो हे, त्यांना माझं काय ओझं. एकदा तर उचलता उचलता एकाच्या तोंडून सवयीने "गणपती बाप्पा" निघून गेलं आणि बाकीचे "मोरया" म्हणाले. मी पण म्हणाले. तिथे वर बसून दुसरं काय करणार.

उचलण्याचं पण एक शास्त्र आहे, जे उचलणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नसतं. खुर्चीचा हात धरून उचलायचं नसतं कारण तो सुटा असतो, खेचला की निघतो. मग एक जण हातात नुसता आर्मरेस्ट घेऊन उभा, चेहरा असा की आता ह्याची भरपाई द्यावी लागते की काय, आणि मी एका बाजूने कलंडलेली. त्यात वर पोचले की सगळे खूश, "झालं, जा आता ताई बिनधास्त," आणि पांगतात. बिनधास्त जाते मी. पण काम उरकून परत येते तेव्हा उतरवायला यातलं कोणीही नसतं. चढवण्यात पुण्य आहे, उतरवण्यात बहुतेक नसावं.

माझा एक संशय आहे, आणि तो मी घरी बोलले की नवरा म्हणतो तू कृतघ्न आहेस. संशय असा की ह्या मदतीमुळेच रॅम्प होत नाहीत. औषधाच्या दुकानदाराला मी विचारलं की बाबा एक पायरी आहे तुझी, सहा इंचाची, जरा उतार करून घे की, तर तो मनापासून दुखावला. म्हणाला, "का ताई, आम्ही आहोत ना!" अरे तू आहेस, पण तू दुपारी दोन ते पाच झोपतोस. आणि मला क्रोसिन आणायला चार जणांची मिरवणूक नको आहे, मला एकटीने यायचंय, कोणाशी न बोलता, तोंड वाकडं करून. बाकी सगळे येतात तसं.

पायऱ्यांचं पण समजून घेतलं पाहिजे म्हणा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हापासून आमच्या भागात ज्याला जमेल त्याने आपला ओटा वर उचलून घेतला. मग रस्त्याचं काम निघालं, रस्ता वर आला. मग फुटपाथ रस्त्याच्या खाली कसा राहील म्हणून तो वर आला. मग परत दुकानदाराने एक पायरी वाढवली. ही स्पर्धा चालू आहे आणि त्यात मी एकटीच अशी आहे जिची उंची बसल्यामुळे तेवढीच राहिलेली आहे.

आता मूळ विषय. एक सरकारी ऑफिस आहे, कुठलं ते सांगत नाही, मला परत तिथेच जायचंय. तिथे एका अर्जावर समोर बसून सही करायची होती. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रं ऑनलाइन, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते ऑनलाइन, फक्त मी तेवढी ऑफलाइन लागते. तर ह्या ऑफिसला तीन पायऱ्या आणि शेजारी रॅम्प. रॅम्प बघून मला भरून आलं. निळी पाटी, पाटीवर खुर्चीचं पांढरं चित्र, स्टीलचं रेलिंग, वर चकचकीत ग्रॅनाइट, ग्रॅनाइटवर स्वागताचं पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या दोन्ही बाजूंना कुंड्या.

माझा भाचा डिप्लोमा करतो, सिव्हिलचा. त्याच्या बॅगेत मेजरिंग टेप असते, तो लग्नाला गेला तरी हॉलची रुंदी मोजतो. त्याने सांगितलं, मावशी, नियम एकास बाराचा आहे. म्हणजे एक इंच वर जायचं तर बारा इंच लांबी पाहिजे. तीन पायऱ्या, अठरा इंच, म्हणजे रॅम्प अठरा फूट पाहिजे. हा भरला पाच फूट. मग त्याने फोन त्या ग्रॅनाइटवर आडवा ठेवला, त्यात लेव्हल बघायचं अ‍ॅप असतं, पाच अंशाच्या आत यायला पाहिजे होतं तिथे आलं सतरा. "मावशी, ही घसरगुंडी आहे," तो म्हणाला आणि फोन खरंच घसरत खाली आला.

तक्रार केली. नगरसेवकाला सांगावं तर तेव्हा नगरसेवकच नव्हते, मार्च 2022 ला मुदत संपली ती संपली, पुढची निवडणूक येईपर्यंत वर्षं गेली. म्हणून लेखी अर्ज, त्यावर इनवर्डचा शिक्का, मग फोन, मग "साहेब मीटिंगला गेलेत," मग साहेब बदलले, आणि एके दिवशी चक्क निरोप आला की संयुक्त पाहणी ठेवलेली आहे, तक्रारदाराने हजर राहावे.

पाहणीला संबंधित खात्याचे साहेब, त्यांचे ज्युनिअर, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस (पांढरा शर्ट, दोन मोबाइल), एक शिपाई, आणि पाहणी चाललीये म्हटल्यावर पाहायला आलेले बरेच जण. सगळ्यांना चहा आला.

"मॅडम, रॅम्प तर दिलेला आहे," साहेब.

"दिलाय, पण चढता येत नाही."

"नाही कसं? आमचा चहावाला सायकल घेऊन चढतो रोज."

भाच्याने टेप काढली. एकास बारा सांगितलं. साहेब समजूतदारपणे हसले. "अरे बाळा, ती गाईडलाइन असते. कंपल्सरी नसते." इथे मात्र मी तयारी करून गेले होते. म्हटलं, साहेब, दिव्यांगांचा कायदा 2016 चा. त्याचे नियम 2017 ला आले, तिथून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती आमच्यासारख्यांना वापरता येतील अशा करायच्या होत्या, ते 2022 लाच उरकायला हवं होतं. आणि गाईडलाइनचं म्हणाल तर नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्याच मुद्द्यावर सांगितलंय की ऐच्छिक मार्गदर्शक सूचनांवर भागणार नाही, केंद्राने तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत. साहेबांनी चहा संपवला. म्हणाले, "ती ऑर्डर आमच्यापर्यंत आलेली नाही." दिल्लीहून निघाली असेल. वाटेत पायऱ्या लागल्या असतील.

मग म्हणे अठरा फूट रॅम्प केला तर तो थेट बसस्टॉपवर जाईल. भाचा म्हणाला, वळवायचा ना, मध्ये सपाट जागा ठेवून. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणाला, वळण टेंडरमध्ये नाही. ह्यावर काही उत्तर नसतं. पण तो माणूस दिलदार, तो म्हणाला मीच बसून दाखवतो. ऑफिसची स्वतःची एक व्हीलचेअर होती, कोणीतरी दान दिलेली, सीटवरचं प्लास्टिक तसंच, एका चाकात हवा नाही. तो बसला. शिपायाने आणि ज्युनिअरने कुंड्या बाजूला करून त्याला मागून ढकलत वर नेलं. "बघा! झालं की नाही?" टाळ्या वाजल्या, खरंच वाजल्या. मी म्हटलं आता एकटे उतरा. त्याने खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग एका हाताने रेलिंग धरलं, मग दोन्ही हातांनी धरलं आणि काही केल्या सोडेना. शिपाई म्हणतोय साहेब सोडा, मी आहे खाली, आणि हा म्हणतोय तू आहेस पण तुझ्या हातात चहाचा ग्लास आहे. शेवटी उठून तीन पायऱ्या चालत उतरला, पँट झटकली आणि मला म्हणाला, "तसं मॅडम, तुम्हाला एकटीला कोण सोडतोय? आम्ही आहोत ना."

घ्या. परत तेच.

दरवर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, मला कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाचं बोलावणं असतं. 2015 ला ह्याच तारखेला सुगम्य भारत अभियान सुरू झालं, 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग झाला, म्हणजे बोलण्यासारखं पुष्कळ असतं आणि मंडळी पुष्कळ बोलतात. फक्त सत्कार स्टेजवर असतो. स्टेजला पायऱ्या असतात. मग शाल, श्रीफळ आणि मी असं सगळं एकत्र वर उचललं जातं, आणि निवेदिका माईकवरून सांगते की ह्यांनी आयुष्यात किती अडथळे पार केले. शेवटचा आत्ताच केला, तुमच्यासमोर.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की मला चांगलं काही दिसतच नाही. तसं नाही. भुयारी मेट्रोत गेले होते, आरे ते कफ परेड वाली, ती 2025 च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली. लिफ्ट चालू, लिफ्टमध्ये खालच्या उंचीवर बटणं, गाडी आणि प्लॅटफॉर्म एका पातळीत, चाक आपसूक आत. लोकलमध्ये हे स्वप्नात पण येत नाही, तिथे दिव्यांगांचा डबा आहे, तो कुठे थांबतो हे अंध माणसाला कळावं म्हणून प्लॅटफॉर्मवर बीप बीप वाजतं, कल्पना सुंदरच आहे, पण गाडी थांबते काही सेकंद आणि डब्यात आधीच धडधाकट माणसं मोबाइल बघत बसलेली, त्यात खुर्ची चढवायची कुठून. तर मेट्रोत मी चढले, बसले म्हणजे बसलेलीच होते, आणि डब्यात कोणी मान वर करून पाहिलं सुद्धा नाही. कोणी उचललं नाही, कोणी हळहळलं नाही. खरं सांगते, पहिली दोन मिनिटं जरा वाईट वाटलं. मग इतकं बरं वाटलं की एक स्टेशन पुढे गेले.

फुटपाथवर मात्र कायम खांब. बाईकवाले चढू नयेत म्हणून लावतात ते बोलार्ड. त्यांच्यात एवढी कमी जागा की व्हीलचेअर जात नाही, म्हणून मुंबईतल्याच एका व्हीलचेअरवाल्याने हायकोर्टाला ईमेल केला आणि कोर्टाने 2023 ला स्वतःहून त्याची जनहित याचिका करून घेतली. मला हा माणूस फार आवडला. ना मोर्चा ना उपोषण, ईमेल. पण त्यात एक पेच आहे जो कोर्टाला पण सुटेल का शंका आहे: माझी खुर्ची आणि अ‍ॅक्टिव्हा यांची रुंदी जवळजवळ सारखी आहे. मी जाईन तिथून ती जाते. ती थांबेल तिथे मी थांबते. साहेबांनी पाहणीत हेच सांगितलं, आणि ह्या एका बाबतीत मला त्यांचं म्हणणं पटलं. तरी त्यांनी आमच्या कोपऱ्यावरचा मधला खांब काढायला लावला, आणि तो खरंच निघाला, श्रेय द्यायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी निघाले. कोणी धरलं नाही, ढकललं नाही, फुलवाल्यापर्यंत चक्क फुटपाथवरून. दोन पेव्हर ब्लॉक हलत होते, ते मी हलू दिले. अर्ध्या वाटेत मागून हॉर्न. परत हॉर्न. वळून बघते तर अ‍ॅक्टिव्हावर एक बाई, पायाशी दुधाच्या पिशव्या, शाळेचं पोर मागे. "ताई, जरा साइड द्या ना, उशीर होतोय."

रॅम्पचं म्हणाल तर माझी तक्रार निकाली निघाली आहे. तसा मेसेज आला. जाऊन बघितलं तर ग्रॅनाइट तेच, सतरा अंश तेच, कुंड्या मात्र एका बाजूला घेतलेल्या. आणि तीन पायऱ्या चढून वर, दाराशेजारी, एक नवीन बोर्ड. खालून वाचता येईना म्हणून भाच्याने फोटो काढून झूम केला: दिव्यांग व्यक्तींनी रॅम्पचा वापर करताना कर्मचाऱ्यांचे सहकार्य घ्यावे, आणि खाली एक मोबाइल नंबर.

मी लावला. तिसऱ्या रिंगला शिपायाने उचलला, मागे ट्रॅफिकचा आवाज. आवाज ओळखला त्याने माझा.

"ताई, मी साहेबांबरोबर साइटवर आलोय. तुम्ही एक काम करा, खाली चहावाल्याकडे तीन-चार पोरं असतात, त्यांना माझं नाव सांगा. उचलतील."