पंधरा सेकंदांत कापू नका हो ही मशीनं

दोन दिवस झाले एक पंधरा सेकंदांचा व्हिडिओ सारखा समोर येतोय. समुद्रकिनाऱ्यावर पाइपांचा एक अवाढव्य प्राणी चालतोय, खाली लिहिलंय 'अद्भुत रोबोट', वर धडाधड म्युझिक आणि बनवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. खरंच राग आला मला.

अहो तो रोबोट नाहीये! थिओ यान्सेन नावाचा डच कलाकार १९९० पासून हे प्राणी बनवतोय, स्ट्रँडबीस्ट म्हणतो त्यांना. वायरिंग करताना वायरी ज्यातून नेतात ना, त्या प्लास्टिकच्या पाइपांचे असतात ते आणि चालतात वाऱ्यावर. त्याच्या काही प्राण्यांना एक नळी असते, ती जमिनीलगत सतत हवा ओढत राहते आणि चालता चालता पाण्यात गेली की हवेऐवजी पाणी आत येतं, ओढायला जड जातं, बस, तेवढ्यावरून त्या प्राण्याला कळतं की पुढे समुद्र आहे, आणि तो माघारी वळतो. कॉम्प्युटर नाही, इलेक्ट्रॉनिक सेन्सर नाही, एक नळी! हे मला कळलं तेव्हा मी ते कितीतरी वेळा परत परत पाहिलं. क्लिपमध्ये नेमकं हेच कापलेलं असतं.

दुसरं म्हणजे अशी मशीनं पाहिली की लोक विचारतात तो 'पण याचा उपयोग काय?' हा प्रश्न. जपानमध्ये केंजी कावाकामीने चिंदोगु नावाचा प्रकारच काढला, म्हणजे विचित्र अवजारं, आणि त्याचे नियम ठरवले, वस्तू खरोखर चालली पाहिजे पण विकायची नाही, पेटंट घ्यायचं नाही. त्याच्या १९९५ च्या पुस्तकात स्वतःचा फोटो काढायला कॅमेरा लावलेली एक दांडी आहे. तेव्हा ती बिनकामाची होती, पुढे सगळ्या जगाच्या हातात आली. पण मी म्हणते नसती आली तरी काय बिघडलं असतं? डोळ्यात औषध नीट पडावं म्हणून चष्म्याला नरसाळी बसवणं हेही चिंदोगुच, ते सुचलेल्या माणसाने आधी किती बारकाईने माणसं पाहिली असतील, मला त्याचं कौतुक आहे.

आणि आर्थर गॅन्सन या अमेरिकन शिल्पकाराचं 'मशीन विथ काँक्रीट' हे चालतं शिल्प, माझं सगळ्यात लाडकं. एका टोकाला मोटर, मिनिटाला साधारण २०० फेरे. मग गिअरच्या १२ जोड्या एकापुढे एक, प्रत्येक जोडी वेग ५० पटीने कमी करते, आणि शेवटचं गिअर सरळ काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडलेलं! तरी मोटर अडत नाही, कारण त्या शेवटच्या गिअरला एक फेरी पुरी करायला दोन लाख कोटी वर्षांहून जास्त लागतील. मी कागदावर हिशोब मांडून बसले, पहिल्या जोडीनंतर मिनिटाला ४ फेरे, दुसरीनंतर एका फेरीला साडेबारा मिनिटं, तिसरीनंतर दहा तासांच्या वर, चौथीनंतर तीन आठवडे, पाचवीनंतर तीन वर्षं. अंगावर काटाच आला.

आता सांगा, हे पंधरा सेकंदांत काय दिसणार? तेवढ्या वेळात दुसऱ्या जोडीचं चाकसुद्धा जेमतेम एखादा दात सरकतं. शेअर जरूर करा, पण आख्खा व्हिडिओ करा, म्युझिक काढून, आणि वर गॅन्सनचं नाव लिहून.