भंगारातल्या अल्टरनेटरवर विहिरीचा पंप चालत नाही

व्हॉट्सॲपवर सध्या फिरतंय : कबाड्याकडून जीपचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून गाडीची बॅटरी भरणारं यंत्र) आणा, छताच्या पंख्याची पाती लावा आणि ५ एचपीचा पंप फुकट चालवा. भाऊ, यात कापसाचे पैसे घालू नका.

अल्टरनेटर मिनिटाला हजारभर फेरे झाल्याशिवाय चार्जिंग देत नाही. घरगुती पवनचक्की दोन-तीनशेवर फिरते. हिशेब बघा. २ मीटर व्यासाचं चाक, सेकंदाला ४ मीटर वारा, म्हणजे हाती जेमतेम ३०-४० वॅट. पंपाला लागतात ३,७०० च्या वर. वारा दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, हे खरं. पण तसा सलग वारा आपल्या विदर्भात पावसाळ्याचे दिवस सोडले तर कुठे असतो?

भंगारातून आणायचीच तर ई-स्कूटरच्या चाकातली मोटर आणा, तिच्यात कायमचे चुंबक असतात, म्हणून ती कमी फेऱ्यांतही वीज देते. दुकानातच पारखा : तिन्ही जाड तारा सुट्या ठेवून चाक फिरवा, मग एकमेकींना टेकवून फिरवा. आधी हलकं आणि नंतर जड, अडखळत फिरलं तर माल शाबूत. पाती पीव्हीसी पाइपातून कापा. उन्हाने पांढरा पडलेला पाइप मात्र नको, तडकतो. डायोडचा ब्रिज (मोटरची उलटसुलट वाहणारी वीज बॅटरीसाठी एका दिशेची करणारा भाग) लावून १२ व्होल्टची बॅटरी भरा. जागलीचा एलईडी दिवा आणि मोबाइल त्यावर नक्की चालतील.