साठ अंशांचं एक लिटर

"काका, परवडत नसेल तर अर्ध्याची दाखवू का?"

काउंटरमागच्या पोराला धड मिसरूडही फुटलेलं नाही. मी फक्त तेलाची पिशवी पुढे करून "जरा काट्यावर ठेवतोस का?" एवढंच विचारलं होतं. त्यात परवडण्याचा विषय कुठून आला? पण रांगेतल्या चौघांनी माझ्या चपलांकडे बघितलं, आणि चपला नेमक्या बाथरूमच्या होत्या.

तर, पिशव्या दोन. दोन्ही सोयाबीन तेलाच्या. एकीची छापील किंमत १५०, दुसरीची १४०. उंची तीच, गुटगुटीतपणा तोच. शहाणा माणूस १४०ची उचलणार. फक्त मागच्या बाजूला, बॅच नंबर आणि तक्रारीचा फोन यांच्या बेचक्यात, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं: पहिलीत ९१० ग्रॅम, दुसरीत ८००. आता भागाकार करा. पहिली किलोला साधारण १६५ रुपयांनी पडते, दुसरी १७५नं. म्हणजे स्वस्त तीच महाग.

तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. एवढा एक आकडा पाठ ठेवला तरी पुष्कळ. सणासुदीला डबा घेणाऱ्यांनी तर तो दारावरच लिहून ठेवावा. 'पंधराचा डबा द्या' म्हटल्यावर १५ किलोचा येतो की १५ लिटरचा, हे विचारायचं राहून जातं. लिटरवाल्यात १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असतं. सव्वा किलोच्या वर तूट, आणि डबे दिसायला जुळे भाऊ.

हे मी त्या पोराला सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "कुठल्या तापमानाला?"

मागे एक आजोबा. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, काखेत कापडी पिशवी. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं असावं, कारण प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट न बघता ते फळ्याकडे वळावं तसे बिस्किटांच्या रॅककडे वळले.

"लिटर म्हणजे आकारमान. आकारमान उष्णतेनं वाढतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं. आणि ६० अंशाला?"

कोणीच बोललं नाही. मी नकळत खाली बघितलं. ही शाळेतली सवय.

"८९२.६! म्हणून काही कंपन्या पूर्वी पिशवीवर काय छापायच्या? १ लिटर, आणि शेजारी बारीक अक्षरांत तापमान, ६० अंश."

"म्हणजे घरी नेऊन तापवलं की लिटर भरणार?" मी विचारलं.

"शास्त्रानुसार, हो."

"आणि नाही तापवलं तर?"

"तर तुमचा हलगर्जीपणा."

पोरगा म्हणाला, "काका, मग उन्हात ठेवा ना." आजोबांनी त्याच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. "उन्हानं काय होतंय? नागपूरला मे महिन्यात नेलंस तरी ६० अंश गाठायचा नाहीस." मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या अंशात माझं दूध नासायला आलंय, पुढे सरका की!" आजोबा सरकले नाहीत. २०२२ साली सरकारनं फर्मान काढलं, तापमानाचा उल्लेख काढून टाका, वजन आणि माप सरळ लिहा, १५ जानेवारी २०२३पर्यंत मुदत, हे सगळं तारखेसकट सांगून मगच त्यांनी श्वास घेतला.

लबाडीतही काय कल्पकता! २१ आणि ६० अंशांच्या लिटरमधला फरक सव्वीस ग्रॅम, म्हणजे फोडणीचे पाच-सहा छोटे चमचे. पण तेवढ्यासाठी कुणीतरी, कुठल्यातरी एसी खोलीत बसून, माझं तेल कागदावर ६० अंशांपर्यंत तापवलं होतं. ती वाट बंद झाली. त्याच सुमारास ठरावीक मापातच पाकीट भरण्याची सक्तीही उठली आणि ८५०, ८०० अशा पिशव्यांचं पीक आलं. त्याची भरपाई म्हणून प्रत्येक पाकिटावर एककाची किंमत छापायचा नियम आला. किलोच्या आतल्या मालाला ती दर ग्रॅमला लिहितात. म्हणजे माझ्या दोन पिशव्यांवर ०.१६ रुपये आणि ०.१८ रुपये! दोन पैशांच्या फरकावर कुणाचं रक्त उसळणार? हेच किलोला लिहिलं असतं तर दुकानात दंगल झाली असती.

शेवटी मी त्या पोराला जुनाच प्रश्न टाकला. सप्टेंबर २०२४मध्ये आयातशुल्क वाढलं तेव्हा तेल रातोरात महागलं होतं. मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आलं, तेव्हा हेच तेल लगेच का उतरलं नाही?

"जुना स्टॉक होता, काका."

वाढताना जुना स्टॉक कुठे जातो, हे आजोबांनाही सांगता आलं नाही. आणि इतकं सगळं शिकवून त्यांनी पिशवी कुठली उचलली? ८०० ग्रॅमची! मी बघतच राहिलो. म्हणाले, "डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय. निम्मं काम कंपनीनंच केलंय."

मी ९१०चीच घेतली, बाणेदारपणे. दुसरीच्या दरानं तेवढ्या तेलाचे १५९ रुपये २५ पैसे झाले असते, म्हणजे सव्वानऊ रुपये वाचले. हे मी रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"पिशवी आणलीय का, काका?" पोरानं विचारलं. "नसेल तर कापडी आहे. दहा रुपये."

आजोबांच्या काखेत त्यांची होती. मला पाऊण रुपयाचा तोटा झाला.